शत्रूच्या हातचा खुराक

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

गौरी-गणपतीला भाचा पुण्याहून आला होता. आरती झाली, पाहुणे पांगले आणि हा पठ्ठ्या माजघरात आडवा होऊन मोबाईलवर काहीतरी बघत बसलेला. मी डोकावलो तर कार्टून. म्हटलं, अरे इंजिनियर झालास, अजून कार्टूनच? तर म्हणतो, "मामा, कार्टून नाही, ॲनिमे म्हणायचं. आणि हे तुम्ही बघायलाच पाहिजे. तुमच्या तालमीतल्यासारखंच आहे सगळं."

आता मी तालमीत गेलो तो शाळेत असताना, चार-पाच वर्षं. त्यातला निम्मा वेळ हौद्यातली माती उकरण्यात गेला. पण तालीम म्हटलं की आम्ही कराड-कोल्हापूरकडची माणसं विरघळतो. बसलो बघत. एक भाग म्हणता म्हणता तीन झाले.

मालिकेचं नाव 'हाजिमे नो इप्पो'. जॉर्ज मोरिकावा नावाच्या जपानी चित्रकाराची ही कथामालिका १९८९ पासून चालू आहे, आणि तिच्यावरच्या ॲनिमेचा तिसरा हंगाम २०१३-१४ मध्ये आला. एरवी गोष्ट आजच्या काळातल्या एका बुजऱ्या पोराची, जो बॉक्सर होतो. पण या हंगामाच्या शेवटी कथा एकदम मागं जाते. त्या पोराचा म्हातारा, खडूस कोच कामोगावा, त्याच्या तरुणपणात.

युद्ध संपून दोन-तीन वर्षं झालेली. टोकियो जळून बसलेलं. कामोगावा आणि त्याचा जिगरी वैरी नेकोता असे दोन तरुण पोटासाठी बॉक्सिंग करतायत. स्वतःला ते बॉक्सर म्हणत नाहीत, 'केंतोका' म्हणतात, म्हणजे मुठींनी लढणारा. युकी नावाची एक मुलगी त्यांच्या आयुष्यात येते. ती हिरोशिमाची. आणि अँडरसन नावाचा एक अमेरिकन सार्जंट आहे, जो जपानी बॉक्सरांना रिंगमध्ये घेऊन बडवतो. नेकोताच्या डोक्यावर आधीच मार बसून बसून परिणाम झालेला. त्यातच अँडरसन त्याला डोक्याच्या मागच्या बाजूला मारतो, जे नियमात बसत नाही. नेकोता कायमचा जायबंदी होतो. मग कामोगावा डोंगरात जाऊन लाकडाचे ओंडके मुठीनं जमिनीत ठोकायला लागतो. दिवसेंदिवस. त्याच मुठी घेऊन तो अँडरसनसमोर उभा राहतो आणि त्याच्या बरगड्या मोडतो. स्वतःचा हातही मोडून घेतो.

मला आवडलं, हे प्रामाणिकपणे सांगतो. ओंडक्यांचा प्रसंग तर दोनदा पाहिला.

भाग संपल्यावर भाच्यानं विचारलं, "मामा, तुम्ही इतिहासाचे मास्तर. असं खरंच झालं असेल का? म्हणजे हरलेल्या देशातल्या उपाशी पोरानं जिंकलेल्या सैन्याच्या माणसाला रिंगमध्ये लोळवलं, असं?"

म्हटलं, बघून सांगतो. तीस वर्षं इतिहास शिकवला, पण आमच्या पुस्तकात जपान म्हणजे पर्ल हार्बर, दोन अणुबॉम्ब आणि मग एकदम बुलेट ट्रेन. मधली वर्षं कोरी. ती वाचत बसलो. आणि जे सापडलं ते या ॲनिमेपेक्षा जास्त चमत्कारिक निघालं.

आधी भुकेचं बोलू. त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

युद्धाच्या शेवटी जपानी माणसाचं रेशन दिवसाला सुमारे ३०० ग्रॅम धान्यावर आलं होतं. तेही कागदावर. दुकानात ते आठवडे-आठवडे येत नसे, आणि आलं तर तांदळाऐवजी रताळी किंवा सोयाबीनचा चोथा. जगायचं तर काळ्या बाजारात जावं लागे, आणि काळा बाजार तर बेकायदा. टोकियोच्या न्यायालयात योशितादा यामागुची नावाचे एक न्यायाधीश होते, काळ्या बाजारात धान्य घेणाऱ्यांचे खटले त्यांच्यापुढं चालत. लोकांना ज्या गुन्ह्यासाठी शिक्षा द्यायची तो आपण करायचा नाही, म्हणून त्यांनी फक्त रेशनवर राहायचं ठरवलं. १९४७ च्या ऑक्टोबरमध्ये ते कुपोषणानं गेले. वय ३३. म्हणजे कायदा पाळणारा मेला, बाकीचे कायदा मोडून जगले.

१९ मे १९४६ ला टोकियोत राजवाड्यासमोरच्या मैदानात अन्न मागायला अडीच लाख माणसं जमली होती. ही तारीख लक्षात ठेवा, पुढं परत लागणार आहे.

आणि पोरं. १९४८ साली जपान सरकारनं युद्धानंतर अनाथ झालेल्या मुलांची मोजणी केली. आकडा निघाला १,२३,५११. ही मुलं उएनो स्टेशनाच्या भुयारी वाटेत झोपायची, बूट पुसायची, सिगारेटची थोटकं गोळा करून विकायची. अधूनमधून पोलीस येऊन त्यांना ट्रकमध्ये भरून नेत. त्या पकडापकडीला शब्द होता 'कारिकोमी', म्हणजे शिकार. जनावरांची करतात ती. मुलांसाठी सरकारी यंत्रणा हा शब्द वापरायची.

अशा काळात बॉक्सिंग कुणी का करेल? ठोसे खायला अंगात काहीतरी असावं लागतं. आपल्याकडं पैलवान म्हटलं की पहिला प्रश्न खुराकाचा. दूध किती, बदाम किती, तूप किती. खुराक नसताना जोर मारले तर अंग झडतं, हे तालमीतलं शेंबडं पोरही सांगेल. मग तिथली पोरं काय खाऊन लढत होती?

त्याच्याआधी एक छोटा फाटा घेतो. बॉक्सिंगच का? जपानकडं स्वतःचं ज्युडो होतं, केंडो होतं. तर अमेरिकन ताब्यात गेल्यावर १९४५ च्या नोव्हेंबरमध्ये शाळा-कॉलेजांतून या युद्धकला बंद करण्यात आल्या. कारण उघड होतं, लष्करी सत्तेनं या कलांचा वापर पोरांना लढाईसाठी घडवायला केला होता. ज्युडो शाळांत परत यायला १९५० उजाडलं, केंडोला त्याहून जास्त वेळ लागला. सुमोच्या र्‍योगोकूच्या मोठ्या आखाड्याची इमारतसुद्धा अमेरिकन सैन्यानं ताब्यात घेऊन तिचं नावच बदललं. बॉक्सिंगला मात्र कुणी हात लावला नाही. ते पाश्चात्त्यांचंच. जपानमध्ये ते रुजवलं युजिरो वातानाबे यांनी, अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला शिकून येऊन. १९२१ साली त्यांनी टोकियोत क्लब काढला. म्हणजे ज्या 'केंतो' शब्दाचा आपल्या ॲनिमेतल्या पोरांना एवढा अभिमान, ती विद्याही मुळात अमेरिकेहूनच आलेली. गंमत आहे की नाही?

जपानी बॉक्सिंगचा तोवरचा देव म्हणजे 'पिस्टन' होरिगुची. इंजिनाच्या पिस्टनसारखा एकामागून एक ठोसे मारत पुढं पुढं जायचा, म्हणून ते नाव. समोरचा किती मारतोय याची पर्वा नाही. लोकांना हेच आवडायचं. मार खाऊनही न थांबणं म्हणजे मर्दानगी, असा एकूण समज, आणि युद्धाच्या काळात तर हा समज सरकारलाही सोयीचा होता. होरिगुची दीडशेच्या वर लढती लढला. युद्धानंतर शरीर थकलं तरी लढत राहिला. १९५० च्या ऑक्टोबरमध्ये चिगासाकीजवळ रेल्वेमार्गावरून चालत असताना गाडीखाली गेला. वय ३६. ॲनिमेतला नेकोता बघताना मला सारखा हा माणूस आठवत राहिला.

आता मूळ गोष्टीवर येतो.

योशिओ शिराई. जन्म १९२३, टोकियोतला. ऐन युद्धात, १९४३ मध्ये बॉक्सिंग सुरू केलं आणि लगेच नौदलात भरती. विमानांच्या दुरुस्तीच्या कामावर. युद्ध संपलं तेव्हा जीव वाचला होता, पण कंबर धरलेली. पाय दुखायचा. परत रिंगमध्ये उतरला खरा, पण त्याच्यात काही राम उरला नाही, असंच सगळ्यांचं मत.

१९४८ साली एका व्यायामशाळेत एक अमेरिकन माणूस येऊन उभा राहिला. सैनिक नव्हता तो. ॲल्व्हिन कान नावाचा प्राणिशास्त्रज्ञ. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात शिकवलेला, आणि आता मॅकआर्थरच्या मुख्यालयात नैसर्गिक संसाधनांच्या विभागात नोकरीला. काम काय? जपानच्या समुद्रातले शिंपले, कालवं, मोती. जपानमधल्या मोत्यांच्या शेतीवर त्यानं लिहिलेला अहवाल १९४९ साली छापला गेलाय. बॉक्सिंगचा कोच म्हणून अनुभव शून्य.

पण प्राण्यांच्या शरीराकडं बघायची नजर होती. शिराईच्या हालचाली त्यानं पाहिल्या आणि ओळखलं की या पोराच्या अंगात वेळ साधायची उपजत जाण आहे. बाकी सगळं बिघडलंय ते भुकेमुळं. तो शिराईला म्हणाला, मी तुझी जबाबदारी घेतो.

घेतली म्हणजे काय, तर आधी खायला घातलं. अमेरिकन अधिकाऱ्यांना जे मिळत होतं आणि जपानी माणसाला दिसतही नव्हतं, ते मांस-अंड्यांसारखं सकस अन्न. आणि मग त्यानं होरिगुचीच्या बरोबर उलटं शिकवलं. मार खाऊ नकोस. समोरच्याचा ठोसा चुकव, अंतर ठेव, संधी आली की मार आणि बाजूला हो. जपानी प्रेक्षकांना हे पळपुटेपणाचं वाटण्याजोगंच होतं. पण वर्षभरात, म्हणजे १९४९ संपायच्या आत, शिराई जपानचा फ्लायवेट आणि बँटमवेट अशा दोन्ही गटांचा अजिंक्यवीर होता.

त्याचा खरा सामना होता डॅडो मरिनोशी. हा हवाईचा, फिलिपिनो वंशाचा, फ्लायवेटचा विश्वविजेता. १९५१ च्या मे महिन्यात टोकियोत दोघं लढले, शिराई थोडक्यात हरला. डिसेंबरात होनोलुलूला जाऊन त्यानं मरिनोला सातव्या फेरीत संपवलं. पण या दोन्हींत विजेतेपद पणाला नव्हतं. ते लागलं १९५२ साली, टोकियोच्या कोराकुएन स्टेडियमवर, उघड्यावर, चाळीस हजारांच्या आसपास लोकांसमोर. तारीख १९ मे.

सहा वर्षांपूर्वी त्याच तारखेला, त्याच शहरात, लाखो लोक भात मागत उभे होते.

आणखी एक. २८ एप्रिल १९५२ ला शांतता करार लागू होऊन अमेरिकेचा ताबा संपला होता. जपान पुन्हा स्वतंत्र देश होऊन बरोबर तीन आठवडे झाले होते. पंधरा फेऱ्या झाल्या, शिराई गुणांवर जिंकला. जपानला पहिला बॉक्सिंग विश्वविजेता मिळाला. त्या रात्री लोक रडले म्हणतात, आणि मला त्यात अतिशयोक्ती वाटत नाही.

आणि त्या रात्री त्याच्या कोपऱ्यात, टॉवेल आणि बादली घेऊन, ताबेदार सैन्याच्या मुख्यालयात नोकरी केलेला एक अमेरिकन शिंपलेवाला उभा होता.

भाच्याचा प्रश्न आठवा. हरलेल्या देशातल्या उपाशी पोरानं जिंकलेल्यांना लोळवलं का? लोळवलं. पण जिंकलेल्यांपैकीच एकानं भरवलेला घास खाऊन. ॲनिमेला ही गोष्ट चालत नाही. ॲनिमेला एका बाजूला ओंडके ठोकणारा पोर हवा आणि दुसऱ्या बाजूला फसवून मारणारा सार्जंट. मी कथेला दोष देत नाही, गोष्ट सांगायची तर गावगुंड लागतोच. पण त्या तीन भागांत आणखी एक गोष्ट खटकली. ते युद्ध कुणी सुरू केलं, चीनमध्ये, कोरियात, फिलिपाईन्समध्ये जपानी लष्करानं काय केलं, याचा मागमूस नाही. जणू काही एक दिवस आकाशातून आग पडली आणि मग अमेरिकन आले. दुःख खरं आहे, पण ते अर्ध्यातून सुरू होतं. आपणही आपला इतिहास सांगताना असंच सोयीच्या पानापासून उघडतो, त्यामुळं मला तो आवाज ओळखीचा वाटला.

याचा अर्थ अमेरिकनांनी जपान्यांना जेवू घातलं आणि सगळं गोड झालं, असाही काढू नका. कमेंटमध्ये कुणीतरी काढणारच, म्हणून आधीच सांगतो.

युकीकडं बघा. ती हिरोशिमाची, आणि बॉम्बच्या आजारानंच हळूहळू संपते. कामोगावा तिला नेकोताबरोबर गावाकडं जाऊ देतो. ॲनिमेतला माझ्या मते सगळ्यात खरा भाग हाच. कारण १९४५ च्या सप्टेंबरपासून अमेरिकन अंमलानं वृत्तपत्रांवर जे नियम लादले, त्यात अणुबॉम्बच्या परिणामांबद्दल लिहिणं जवळपास अशक्य झालं. आपल्याला काय झालंय हे आजारी माणसाला कळत नव्हतं, शेजाऱ्यांना वाटायचं की हे लागण होणारं दुखणं आहे. १९४७ मध्ये अमेरिकेनं हिरोशिमात 'ॲटॉमिक बॉम्ब कॅज्युअल्टी कमिशन' उघडलं. डॉक्टर होते, यंत्रं होती, गाड्या पाठवून लोकांना तपासायला आणत. तपासत, मोजत, नोंदवत. उपचार करत नसत. उपचार हे त्या कमिशनचं कामच नव्हतं. बाधितांना सरकारी खर्चानं वैद्यकीय मदत देणारा जपानी कायदा यायला १९५७ साल लागलं. तोवर किती युकी गेल्या असतील.

म्हणजे एकाच मुख्यालयाच्या छत्राखाली एक शास्त्रज्ञ एका बॉक्सरला अंडी खाऊ घालत होता आणि दुसरे शास्त्रज्ञ आजारी माणसांची वजनं-उंच्या घेऊन त्यांना घरी पाठवत होते. दोन्ही खरं. मला यातलं एक निवडा म्हणालात तर मी निवडणार नाही.

आणि हो, हा ताबा फक्त अमेरिकेचा नव्हता. हिरोशिमाचा सगळा भाग ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या सैन्याकडं होता, आणि त्यात हिंदुस्थानी ब्रिगेड होती. तिचे प्रमुख थिमय्या, जे पुढं आपले लष्करप्रमुख झाले. त्या ब्रिगेडमध्ये पंजाबी होते, गुरखे होते आणि मराठा रेजिमेंटची एक पलटण होती. १९४६ ला गेली, १९४७ ला देश स्वतंत्र होताना परतली. सातारा-कोल्हापूर-बेळगावकडची आपली माणसं त्या राखेत विजेत्यांच्या बाजूनं गस्त घालत होती, स्वतःच्या देशात अजून इंग्रजांचं राज्य असताना. त्या पोरांनी तिथं काय पाहिलं, घरी येऊन काय सांगितलं, हे कुणी लिहून ठेवलं असेल तर मला जरूर कळवा. तुमच्यापैकी कुणाचे आजोबा-पणजोबा त्या पलटणीत असतील तर नक्कीच.

भाच्यानं मध्येच फोन करून सांगितलं की बॉक्सिंगची खरी जुनी मालिका दुसरीच आहे, 'अशिता नो जो'. उद्याचा जो. तीही थोडी पाहिली. १९६८ ला साप्ताहिकात सुरू झाली, १९७० मध्ये टीव्हीवर आली. टोकियोच्या सान्या भागातल्या रोजंदारी मजुरांच्या वस्तीतला एक अनाथ पोर आणि एक दारुडा, एकाक्ष कोच. तिची चित्रं काढणारा तेत्सुया चिबा लहानपणी मांचुरियात होता. जपान हरल्यावर सात वर्षांचा असताना त्याचं कुटुंब जीव मुठीत धरून परत आलं. भूक त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यात जोचा वैरी रिकिइशी हा जोपेक्षा वरच्या वजनगटातला. केवळ त्याच्याशी लढायला मिळावं म्हणून तो अन्नपाणी तोडून वजन उतरवतो, जिंकतो आणि मरतो. पोट भरलेल्या १९७० च्या जपाननं या कागदावरच्या माणसाची खरीखुरी अंत्यविधीची सभा भरवली, मार्च महिन्यात, प्रकाशकाच्या कार्यालयात, सुमारे सातशे माणसं आली. आठवड्यानं, ३१ मार्चला, नऊ डाव्या अतिरेकी पोरांनी विमान पळवून उत्तर कोरियाला नेलं, आणि जाताना जाहीर केलं की आम्हीच ते 'उद्याचे जो' आहोत. गोष्ट लोकांच्या हातात गेली की कुठं जाईल सांगता येत नाही.

आता शेवटी घरचं. हे वाचताना मी खुर्चीतून उठलो होतो.

ज्युडो बंद झाल्यावर ज्युडोवाल्या पोरांचं काय झालं? काही जण कुस्तीकडं वळले. कुस्ती पाश्चात्त्य, ऑलिंपिकमधली, म्हणून चालत होती. त्यातला एक शोहाची इशी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला जपानला बोलावलंच नव्हतं. १९५२ ला हेलसिंकीला बोलावलं. शिराई जिंकला त्याच्या दोन महिन्यांनी, जुलैमध्ये, इशीनं फ्रीस्टाईल बँटमवेटमध्ये सुवर्ण घेतलं. युद्धानंतरचं जपानचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण, आणि त्या वर्षीचं एकमेव.

त्याच गटात कांस्य कुणाला? कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

खाशाबा इशीकडून हरले, हे आम्हाला कराडला लहानपणापासून पाठ होतं. लांबलेली कुस्ती, गुणांवर गेली, आणि लगेच विश्रांती न देता त्यांना रशियाच्या मल्लासमोर उभं केलं, बाजू मांडायला आपला एक अधिकारीही तिथं नव्हता, ही हकिकत इथं प्रत्येक पारावर ऐकू येते. राजाराम कॉलेजच्या खर्डेकर सरांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले, तेव्हा कुठं खाशाबा हेलसिंकीला पोचले. परत आल्यावर शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि मिरवणूक संपल्यावर सरांचं कर्ज फेडायला त्यांनी मैदानं मारली. हे सगळं माहीत होतं. पण समोरचा तो जपानी कोण, कुठून आला, हे मला साठी उलटेपर्यंत एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. आमच्यासाठी तो फक्त 'जपानी'. ज्याची स्वतःची विद्या सरकारी हुकुमानं बंद झाली, ज्यानं ऐन तारुण्यात दुसरा आखाडा धरला, तोही एका हरलेल्या, उपाशी देशातून आलेला होता. त्या मॅटवर समोरासमोर दोन भुकेले देश होते.

शिराईचं पुढं सांगायचं राहिलं. चार वेळा विजेतेपद राखून १९५४ च्या नोव्हेंबरमध्ये तो अर्जेंटिनाच्या पास्कुआल पेरेझकडून हरला, पुढच्या वर्षी परत हरला आणि थांबला. डोकं शाबूत ठेवून थांबला, हे महत्त्वाचं. कान जपानमध्येच राहिला. म्हातारपणी त्याची स्मृती गेली. मूलबाळ नव्हतं. शिराई आणि त्याच्या बायकोनं त्याला सांभाळलं, १९७१ मध्ये तो गेला तोवर. खाऊ घालण्यापासून सगळं. शिराई स्वतः २००३ साली गेला.

हे सगळं भाच्याला फोनवर सांगितलं. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, यावर ॲनिमे का नाही काढत?"

म्हटलं, त्यात सार्जंट नाही ना बाबा.

तर म्हणे, "मग खाशाबांवर सिनेमा जाहीर केलाय नागराज मंजुळेंनी, त्यात तो इशी असेल ना?"

असावा. आणि नुसता 'जपानी' नसावा. दिवाळीत भाचा येतोय, त्याला गोळेश्वरला घेऊन जायचं ठरलंय. कुणाला यायचं असेल तर सांगा, गाडीत दोन जागा आहेत.